आठ मार्कांची लाकडी पेटी

चित्र किंवा शिल्प एकच असते, ते एकाच्याच मालकीचे होते आणि तो एक जण बहुधा श्रीमंत असतो. ही रीत इतकी जुनी की निसर्गनियमच वाटावी. गेल्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या काही बंडखोर कलावंतांनी ती मोडायचे ठरवले. एका वस्तूच्या सारख्या शेकडो प्रती करायच्या, प्रत्येक प्रत अस्सल मानायची आणि किंमत साध्या माणसाला झेपेल अशी ठेवायची. अशा वस्तूला 'मल्टिपल' म्हणतात.

बंधू-भगिनींनो, हा विषय आपला नव्हे म्हणून पान उलटू नका. कला कोणासाठी, हा प्रश्न यात आहे आणि तो हिशेबाच्या वहीत मांडून तपासता येतो.

१९३५ साली मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने पॅरिसमध्ये नवनव्या उपकरणांच्या प्रदर्शनात चक्क गाळा मांडला. माल काय, तर पुठ्ठ्याच्या सहा चकत्या, दोन्ही बाजूंना चित्रे छापलेल्या. ग्रामोफोनवर ठेवून फिरवल्या की सपाट वर्तुळे खोल दिसू लागत. पाचशे संच छापले होते. शेजारच्या गाळ्यावर झटपट भाजी चिरायचे यंत्र होते. द्यूशाँचा माल जवळजवळ कोणी घेतला नाही. आम्हांस यात लोकांचा दोष दिसत नाही. घरादाराचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने भाजीचे यंत्रच पाहावे. आणि ज्याच्या घरी ग्रामोफोनच नाही, त्याला स्वस्त चकतीचा उपयोग काय?

पुढे जॉर्ज माच्यूनास आला. १९३१ साली लिथुआनियात जन्मलेला हा गडी न्यूयॉर्कमध्ये छपाईच्या मांडणीची कामे करून पोट भरी. १९६२ पासून त्याने 'फ्लक्सस' या नावाखाली देशोदेशींचे कलावंत जमवले. त्यांत जपानी होते, कोरियन होते, स्त्रियाही होत्या. कलावंताने पोटापाण्याचे काम वेगळे करावे आणि कला गंमत म्हणून सर्वांना मिळावी, असे त्याचे म्हणणे. कॅनॉल स्ट्रीटवर त्याने दुकान काढले. प्लॅस्टिकच्या स्वस्त डब्या आणायच्या, लेबले स्वतः आखायची, माल स्वतः भरायचा. जॉर्ज ब्रेख्टच्या १९६३ च्या पेटीत नुसती छापील कार्डे होती, कार्डावर करायच्या साध्या कृती. आय-ओ या जपानी कलावंताच्या पेटीला भोक. बोट घालायचे आणि आत काय आहे ते स्पर्शाने ओळखायचे. मुलांना याहून काय हवे? तरी दुकान चालले नाही. किंमत कमी केली, पण गिऱ्हाईक मात्र ओळखीपाळखीचेच राहिले, असे आमचे मत.

हे गणित सुटले ते पश्चिम जर्मनीत. १९६८ साली योसेफ बॉइसने एक उथळ, रिकामी लाकडी पेटी काढली. आत पेन्सिलीने दोन रेघा आणि 'अंतःस्फूर्ती' या अर्थाचा एक शब्द. बाकी घेणाऱ्याने भरायचे. किंमत आठ मार्क, विक्री टपालाने, प्रतींना मर्यादा नाही. सुमारे बारा हजार पेट्या निघाल्या. प्रती मोजक्या ठेवल्या की भाव चढतो, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. बॉइसने तो दरवाजाच बंद केला.

माच्यूनास १९७८ साली वारला. फ्लक्ससच्या वस्तूंचा मोठा खाजगी संग्रह २००८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला देणगीदाखल मिळाला. जतन झाले हे बरेच. पण बोट घालायची पेटी काचेआड गेली की तिचे उरले काय? देव्हाऱ्यात ठेवलेले खेळणे!

एक वस्तू मात्र काचेआड कोंडता येत नाही. ताकाको साइतो या जपानी बाईंनी त्याच काळात मसाल्यांचे बुद्धिबळ केले. सोंगट्या सारख्या दिसणाऱ्या नळ्या. राजा कोण, घोडा कोण, हे वासावरून ओळखायचे. आमच्या भगिनी या खेळात भल्याभल्यांना हरवतील. घरी करायचे तर सारख्या बत्तीस लहान बाटल्या लागतील आणि बारा वास, प्रत्येक बाजूला सहा. प्यादी सोळा, म्हणून त्यांना धणे आणि मेथ्या. वेलदोडा महाग, तो एकट्या राजाला. तिखट मात्र भरू नका, मुले बाटली थेट नाकाशी धरतात.