बंबाचा धूर आणि सोलापूरचं ऊन

सोलापुरात घर ऊबदार ठेवायला लाकूड लागत नाही. ते काम ऊनच करतं, मे महिन्यात तर नको इतकं करतं. इथे लाकूड जळतं ते अंघोळीच्या पाण्यासाठी. शुक्रवार पेठेच्या बोळांत पहाटे बंब पेटले की धूर समोरच्या खिडकीतून थेट शेजाऱ्याच्या माजघरात शिरतो. तरीही बंबाची बाजू हिरिरीने मांडली जाते. ते मुद्दे एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा, बंब स्वस्तात पडतो. हिशेब मांडा. वीस लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला 500 किलोकॅलरी, म्हणजे साधारण 0.6 युनिट वीज लागते. एक किलो सुक्या लाकडात सुमारे 4000 किलोकॅलरी असतात. बंबाची रचना हुशारीची आहे हे मान्यच: मधल्या नळीत विस्तव, भोवताली पाणी, खाली राख पडायला जाळी. तरी बरीच धग नळीतून वर निघून जाते आणि बादलीमागे अर्धा किलो लाकूड सहज लागतं. विकत घेऊन जाळलं, तर ही स्वस्ताई फारशी उरत नाही. म्हणून मग बंबात काय जातं? रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, कृत्रिम धाग्याच्या चिंध्या आणि पेटवणाला प्लास्टिकची पिशवी. जाळणाऱ्याचे पैसे वाचतात. किंमत मोजतो शेजारचा दमेकरी.

दुसरा मुद्दा, धुराने डास पळतात. पळतात ते घटकाभर. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि वाढतो घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात पिंपं भरून ठेवावीच लागतात. त्यावर उपाय घट्ट झाकण हा आहे, धूर नव्हे.

तिसरा मुद्दा वजनदार आहे: वीज तरी कुठे स्वच्छ? फताटेवाडीचा 1320 मेगावॅटचा प्रकल्प कोळशावरच चालतो. खरं आहे. पण तिथल्या धुरातली राख यंत्रं अडवतात आणि उरलेला धूर उंच चिमणीतून वर जातो. बंबाचा धूर माणसाच्या नाकाच्या उंचीवर, दाट वस्तीत, पहाटेच्या स्थिर हवेत कोंडून राहतो. 2019 साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आखला. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या त्या यादीत सोलापूर आहे.

चौथा मुद्दा वारशाचा. तांबटाच्या हातोडीचे ठोके अंगावर मिरवणारा तांब्याचा बंब जपलाच पाहिजे. तो घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवा. वस्तू जपायची म्हणून तिच्यात रोज विस्तव घालायलाच हवा, असं नाही.

मग पाणी तापवायचं कशावर? उत्तर डोक्यावर तळपतंय. चौघांच्या घराला 100 लिटरचा सोलर पुरतो आणि त्याच्या पॅनेलला साधारण दोन चौरस मीटर जागा लागते. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांपुरती विजेची जोड द्यावी. बंद न्हाणीघरात गॅस गिझर मात्र नको. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातो, आणि कोंदट न्हाणीत पेटवलेल्या बंबालाही हाच धोका आहे.

खरी अडचण भाडेकरूची आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहणाऱ्याचा गच्चीवर हक्क नसतो, आणि सोलरचे पैसे एकरकमी भरणं त्याला झेपत नाही. त्याला नुसता उपदेश करणं अन्याय आहे. घरमालकाने गच्ची द्यावी, वाड्याने मिळून एकच मोठी टाकी बसवावी, महापालिकेने अशा सामाईक सोलरला मालमत्ता करात सूट द्यावी. तोवर ज्याला बंब पेटवावाच लागतो त्याने निदान सुकं, बिनरंगाचं लाकूडच जाळावं. प्लास्टिक आणि चिंध्या आजच बंद व्हाव्यात. ज्यांच्याकडे गच्चीही आहे आणि पैसाही, त्यांच्या बंब पेटवत राहण्याला मात्र कोणतंही समर्थन उरलेलं नाही. सुरुवात त्यांनी करावी.