दालच्यात मीठ दोनदा पडले तर?

रमजानमध्ये असरच्या नमाजनंतर घड्याळ धावू लागते. मागच्या रमजानमध्ये आम्ही नोकरीवरून साडेपाचला घरी आलो, दालचा शिजायला टाकला, मीठ घातले आणि धाकट्याचा गृहपाठ बघायला बसलो. तेवढ्यात मोठ्या मुलीने, अम्मी विसरली असेल म्हणून, पुन्हा मीठ घातले. दोघींचा रोजा, चाखणार कोण? धाकट्याला चमचाभर दिला, तर पठ्ठ्याने सरळ थुंकलाच!

अशा वेळी सालनात कच्चा बटाटा टाका म्हणजे तो मीठ ओढून घेतो, असे बहुतेक घरांत सांगतात. आम्हीही वर्षानुवर्षे टाकला. खरे पाहता बटाटा रस्सा शोषतो, रश्श्यातले मीठ वेगळे काढत नाही. उरलेला रस्सा होता तेवढाच खारट राहतो. खारटपणा कमी करायचा एकच मार्ग: बिनमिठाचे काहीतरी घालून पदार्थ वाढवायचा. आम्ही वाटीभर तुरीची डाळ मीठ न घालता कुकरला लावली, दुधीच्या फोडी वाफवल्या आणि सगळे दालच्यात मिसळून पाच मिनिटे उकळले. चिंचेचा कोळ चमचाभर वाढवला. मटणाच्या सालनाला हेच काम भाजलेल्या कांद्याचे वाटण किंवा घोटलेले दही करते, कोकणातल्या भगिनींना नारळाचे दूध. दालचा इतका वाढला की इफ्तारच्या आधी शेजारी दोन घरी वाटी गेली!

रोज्यात गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव पाहून थुंकून टाकावी, घशाखाली काही जाऊ देऊ नये, त्याने रोजा तुटत नाही, असे उलेमा सांगतात. विनाकारण चाखणे मात्र मकरूह. आमच्या घरी आता मीठ घातले की पातेल्यावर झाकण उलटे ठेवायचे, असा नियमच केला आहे. उलटे झाकण दिसले की दुसऱ्याने मिठाच्या डब्याला हात लावायचा नाही.

करपण्याचे वेगळे. वास आला की आपला हात आपोआप उलथन्याकडे जातो, आणि तिथेच सालन हातचे जाते. ढवळू नका, तळ खरवडू नका. गॅस बंद करून वरचे वर दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या. बिर्याणीचा तांदूळ कच्चा राहिला तर गरम दूध किंवा पाणी शिंपडून, खाली तवा ठेवून दहा मिनिटे पुन्हा दम द्या. भात गिचका झाला तर परातीत पसरून पंख्याखाली ठेवा. तरीही सुटला नाही तर कांदा-मिरची-कोथिंबीर घालून त्याच्या टिक्क्या तळा, मुले आवडीने खातात.

मात्र सगळेच वाचवायचे नसते. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात किंवा सालन सकाळी उकळून मुलांना देऊ नका, वास येत नसला तरी. काही जंतूंचे विष उकळल्यानेही जात नाही. इसराफ नको हे खरेच, पण त्याचा इलाज रात्रीच उरलेले फ्रिजमध्ये ठेवणे हा आहे.

एक गोष्ट घरच्या पुरुषांसाठी. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले, अशी हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. ही हदीस आपल्याकडे जेवणाऱ्यांपेक्षा रांधणाऱ्यांनाच जास्त पाठ असते. त्या दिवशी दस्तरखानावर आमच्या मियाँजींनी दालचा दोनदा वाढून घेतला आणि एवढेच विचारले, "आज डाळ जरा जास्त आहे का?" मुलगी खाली मान घालून हसत होती.

धाकट्याचा रोजा नसतो त्या दिवशी तो आता असरनंतर स्वतःच चमचा घेऊन ओट्याशी उभा राहतो.