सहलीतली पंगत

मे महिना जवळ आला की वृत्तपत्रांची पाने सहलींच्या जाहिरातींनी भरून जातात. सिंगापूर, थायलंड, बाली, श्रीलंका, नेपाळ. एके काळी या जाहिराती ज्यांच्यासाठी छापल्या जात त्यांच्यात आपला समाज नव्हता. आज शिक्षणाच्या आणि आरक्षणाच्या बळावर बँकेत, रेल्वेत, महाविद्यालयांत, मंत्रालयात पोहोचलेली आपली दुसरी-तिसरी पिढी मुलाबाळांना घेऊन विमानात बसते आहे. याचा आम्हाला आनंद आहे. 'समाज उपाशी आणि हे निघाले परदेशात' असा टोमणा मारणारे कार्यकर्ते आहेत. ऊसतोड मजुराला आणि वीटभट्टीवरच्या बाईला उन्हाळी सुट्टी नसते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण कुटुंबासह प्रवासाला निघणे आणि वाटेत चार लोकांत बसून जेवणे ही आपल्यासाठी केवळ चैनीची बाब कधीच नव्हती. तो हक्काचा प्रश्न होता.

बाबासाहेबांच्या बालपणातला सर्वांत कटू प्रसंग हा उन्हाळी सुट्टीतल्या सहलीचाच आहे, हे आपण विसरतो. साल १९०१. वडील गोरेगावला रोखपाल. त्यांनी मुलांना सुट्टीसाठी बोलावले. नवे कपडे, जरीच्या टोप्या घालून चार मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. जात कळली आणि स्टेशनमास्तरचा चेहराच बदलला. बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. शिदोरी भरपूर होती, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. म्हणून अन्न जवळ असून मुले उपाशी झोपली. पुढे १९३४ मध्ये, बॅरिस्टर झालेले, गोलमेज परिषदा गाजवून आलेले बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळ आणि दौलताबाद पाहायला गेले, तेव्हा किल्ल्याच्या दारातल्या तलावात हातपाय धुतले म्हणून तलाव बाटवल्याचा गलका झाला. तोही एका सहलीतलाच प्रसंग. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी आणि तलाव यांचा नाव घेऊन उल्लेख का आहे, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने ही दोन वर्णने मुलांना वाचून दाखवावीत.

आता आजच्या जाहिरातींकडे वळू. दरपत्रकात विमान, व्हिसा, हॉटेल यांच्या बरोबरीने एक ओळ ठळक अक्षरांत असते : शुद्ध शाकाहारी भोजन, जैन जेवणाची सोय, आमचा महाराज सोबत. बँकॉकला उतरायचे आणि पनीर, डाळफ्राय खायचे. सिंगापूरला उतरायचे आणि पुन्हा तेच. कोणाला काय खायचे ते ज्याने त्याने ठरवावे. आपल्यातही मांसाहार सोडलेली घरे आहेत, त्यांचाही आम्हाला आदर आहे. आक्षेप 'शुद्ध' या शब्दाला आहे. अन्न शाकाहारी असते किंवा मांसाहारी असते, ताजे असते किंवा शिळे असते. ते 'शुद्ध' म्हणायचे तर कोणीतरी अशुद्ध ठरावे लागते. मग बसमध्ये दुसऱ्या दिवशी शेजारचे सहप्रवासी गोड आवाजात विचारतात, 'तुम्ही सगळं खाता का हो?' त्यामागून येतो गावाचा प्रश्न, मग आडनावाचा. आपला नोकरदार माणूस इथे अडखळतो. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते, आणि बसमध्ये तो नुसते पहिले नाव सांगून खिडकीबाहेर पाहतो. मुले हे पाहत असतात.

आणि खिडकीबाहेर काय असते? सिंगापूरचेच पाहा. एके काळी तिथेही रस्त्यावर फेरीवाले अन्न विकत. १९७० आणि १९८० च्या दशकांत सरकारने त्यांना पाणी, गटार आणि छप्पर असलेली केंद्रे बांधून दिली. आज अशी शंभराहून अधिक हॉकर सेंटर तिथे आहेत आणि २०२० मध्ये युनेस्कोने ही खाद्यसंस्कृती मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतली. एका छपराखाली चिनी माणसाचा चिकन राइस, मलय बाईचा नासी लेमाक, तमिळ माणसाचा डोसा. ज्याला जे हवे ते त्याने आणावे आणि जिथे जागा दिसेल तिथे बसावे. सूट घातलेला बँकेतला साहेब आणि बांधकामावरचा मजूर एकाच टेबलावर समोरासमोर जेवतात. मुसलमानांसाठी हलाल भांडी वेगळी ठेवतात, ताटे परत ठेवण्याची मांडणीही वेगळी. पण फरक ताटात काय आहे याचा. ताटासमोर कोण बसला आहे याचा नाही. ताट वेगळे, टेबल एक.

तिथली आणखी एक गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये जेवणाऱ्याने आपले खरकटे ताट स्वतः उचलून मांडणीवर ठेवणे सक्तीचे झाले. नाही ठेवले तर आधी ताकीद, मग दंड. तोवर हे काम सफाई कामगार करत, त्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. उष्टे उचलण्याचे काम ज्या समाजावर पिढ्यानपिढ्या लादले गेले, त्या समाजाला या नियमाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र मुंबई-पुण्याहून गेलेल्या बसमधली मंडळी जेवून उठतात तेव्हा त्यांची ताटे तशीच का राहतात, हे एकदा पाहावे.

थायलंडात भात ज्याच्या-त्याच्या ताटलीत आणि बाकी सारे पदार्थ टेबलाच्या मधोमध. सगळे त्यातूनच वाढून घेतात. तो बौद्ध देश आहे, आणि तिथल्या बहुतेक कालवणांत माशाचे पाणी असते. कडक शाकाहार हवा असेल तर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरे असलेले दुकान शोधावे. सकाळी भिक्खू भिक्षापात्र घेऊन निघतात आणि पात्रात जे पडेल ते स्वीकारतात.

म्हणून आशियात सगळीकडे समता नांदते असे मानण्याचे कारण नाही. बाबासाहेब १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी श्रीलंकेला गेले. त्या देशातल्या सियाम निकायात आजही उपसंपदेसाठी गोयिगम ही वरची जात लागते; त्याला वैतागून इतर जातींच्या लोकांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि १८०३ च्या सुमारास अमरपूर निकाय उभा केला. जाफनाच्या चहाच्या दुकानांत खालच्या मानलेल्या तमिळांना वेगळी भांडी असत, आणि त्याविरुद्ध १९५७ मध्ये कायदा करावा लागला. नेपाळात १८५४ च्या मुलुकी ऐनने कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही हे कायद्याने लिहून ठेवले होते. लुंबिनीला वंदन करून परतताना ही माहितीही मुलांच्या कानावर घालावी.

आणि घरी काय आहे? २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहातली काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली, आणि निषेध म्हणून त्या टेबलावर बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. देशातली सर्वांत हुशार म्हणवणारी मुले जिथे शिकतात तिथे ताट नव्हे, टेबल वेगळे केले गेले. मग सहलीच्या बसकडून कसली अपेक्षा करायची?

आमची सूचना साधी आहे. सहलीचे पैसे भरण्यापूर्वी जेवण वगळून दर काय, असे विचारा. दहा-बारा घरांनी मिळून विचारले तर कंपनीला उत्तर द्यावे लागते. ते जमत नसेल तर निदान एका दिवसाचे जेवण सोडा आणि मुलांना घेऊन बाहेर पडा. आडनाव विचारले तर पूर्ण सांगा आणि 'जयभीम'ही म्हणा. सिंगापूरला टेक्का सेंटर लिटल इंडिया स्थानकाला लागूनच आहे, बस नेत नसेल तर मेट्रोने जाता येते. तिथे मटण बिर्याणीही मिळते आणि शाकाहारी थाळीही, आणि ज्याचे त्याने ताट उचलायचे.