आधी बोलू दे, मग बघू

"मूल आधी बोलू दे, चाळीस मिनिटं एका जागी बसू दे, नजरेला नजर देऊ दे. मग त्याला शाळेत आणा." गेल्या महिन्यात प्राथमिक शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात व्यासपीठावरून हे वाक्य आलं आणि सभागृहातल्या निम्म्या माना डोलल्या. वक्ते अनुभवी आहेत. त्यांचं नाव देत नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. मी एकोणीस वर्षं स्वमग्न मुलांना शिकवते आहे आणि हेच वाक्य मी दवाखान्यात ऐकलंय, शाळेच्या कचेरीत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. पण त्या दिवशी मागच्या रांगेत माझ्या एका मुलाची आई बसली होती, आणि तिनं ते वहीत उतरवून घेतलं. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: स्वमग्न मूल आपल्याच जगात असतं, बाहेरचं त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्या एकामुळे वर्गातल्या चाळिसांचं नुकसान होतं. कायदा काहीही म्हणो, तो करणारे कधी वर्गावर उभे राहिलेले नाहीत. तेव्हा आधी थेरपी आणि मग शाळा. आणि शिकून शेवटी तो करणार काय?

शेवटून सुरुवात करते. शिकून करणार काय, हे आपण पहिलीत येणाऱ्या दुसऱ्या कुठल्याच मुलाला विचारत नाही. आणि चाळिसांचं नुकसान होतं ते शिक्षक महिना महिना निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपले जातात तेव्हा. त्यावर व्यासपीठावरून एक शब्द निघाला नाही.

आता त्या मुख्य वाक्याकडे येते. 'आधी बोलू दे.' या तीन शब्दांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: जे मूल बोलत नाही, त्याला कळत नाही. हे साफ खोटं आहे.

माझ्याकडे एक मुलगा आला तेव्हा सात वर्षांचा होता. डोंबिवलीजवळ राहणारा. आई सांगायची, "ताई, हा काहीच बोलत नाही, नुसती लोकलची अनाउन्समेंट म्हणत बसतो." पहिले पंधरा दिवस मीही तेच ऐकलं. "पुढील स्टेशन कोपर. पुढील स्टेशन दिवा." एकदा मणी ओवण्याचं काम जरा लांबलं, तसा तो माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "पुढील स्टेशन." नाव नाही, नुसतं पुढील स्टेशन. मी मण्यांचा डबा बंद केला आणि तो उठून खिडकीपाशी गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा संपल्यावर तेच. त्याला म्हणायचं होतं: हे झालं, आता पुढे चला. या मुलाला पूर्वी दोन शाळांनी 'निरर्थक बडबड' असा शेरा देऊन परत पाठवलं होतं.

ऐकलेलं वाक्य उचलून आपल्या कामाला लावणं ही या मुलांची भाषेकडे जायची वाट आहे. आई विचारते, "तुला भूक लागली का?" आणि मूल भूक लागली की तसंच्या तसं म्हणतं, "तुला भूक लागली का?" आई विचारते, "दमलास?" म्हणून तो स्वतःबद्दल सांगतो, "दमलास." मराठीत तर क्रियापदच सांगतं कोण बोलतंय आणि कोणाशी, त्यामुळे हे फार ठळक ऐकू येतं. दिवसभर आईसोबत असलेला मुलगा तिचं उचलून "मी येते" म्हणतो, आणि आजूबाजूचे हसतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यानं अर्थ बरोबर धरलाय, फक्त वाक्य अख्खं उचललंय. ते सुटं करून द्यायचं काम शिक्षकाचं आहे.

त्या मुलाला मी अक्षरं शिकवली ती स्टेशनांच्या पाट्यांवरून. बाराखडीकडे तो ढुंकून बघायचा नाही. 'ठाणे'मधला ठ मात्र त्यानं एका दिवसात 'ठाकुर्ली'त शोधला. अक्षरांच्या पट्ट्यांनी तो ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा ओळीनं लावायला लागला. चार महिन्यांनी, शेजारच्या शाळेची घंटा वाजून गेल्यावर, कान दाबून बसलेला तो पट्ट्यांकडे आला आणि त्यानं 'घंटा नको' असं लावलं. मी टेबलाच्या पलीकडे होते, त्याच्या हाताला माझा हात लागलेला नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण मुलाचा हात धरून मोठ्या माणसानं टंकायचं आणि ते मुलाचं म्हणून दाखवायचं, असा एक प्रकार मध्यंतरी जगभर चालला. चाचण्यांमध्ये तो उघडा पडला आणि त्यात अनेक कुटुंबं पोळली. मी त्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलते आहे ते एका मुलाबद्दल, जो वाक्य बोलायच्या आधी वाक्य लिहायला शिकला. 'आधी बोलू दे' या नियमानं चाललो असतो तर तो आजही अनाउन्समेंटच म्हणत बसला असता.

एका मुलावरून सिद्धांत मांडते असं कोणी म्हणेल, म्हणून आकडे देते. २०१३ साली अमेरिकेत ५३५ स्वमग्न मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चार वर्षांची होईपर्यंत ही मुलं शब्दाला शब्द जोडून बोलत नव्हती. त्यांतली ७० टक्के मुलं आठव्या वर्षापर्यंत शब्द जोडायला लागली. म्हणजे जी बोलणार आहेत त्यांतली कित्येक शाळेच्या वयातच बोलतात, नेमकी तेव्हा, जेव्हा आपण त्यांना दाराबाहेर थांबायला सांगतो. आणि उरलेली ३० टक्के? त्यांनी कायम बाहेरच राहायचं का, याचं उत्तर वक्त्यांनी दिलं नाही.

बुद्ध्यांकाचंही तसंच. तोंडी प्रश्न विचारून, तोंडी उत्तरं मागून मोजलेला आकडा आपण मुलाच्या फायलीला जन्मभर चिकटवतो. २००७ साली कॅनडात ३८ स्वमग्न मुलांना नेहमीची बुद्धिमापन चाचणी आणि आकृत्या जुळवायची रेवन चाचणी, अशा दोन्ही दिल्या. आकृत्यांच्या चाचणीत ती सरासरी ३० पर्सेंटाइलनं वर गेली. मुलं तीच होती.

नजरेला नजर: मोठे झालेले कितीतरी स्वमग्न लोक सांगतात की डोळ्यांत बघायला लावलं की ऐकू येणं कमी होतं. एवढं पुरे.

आणि 'आपल्याच जगात'. मला वाटतं, अर्धा घोटाळा आपल्या शब्दानंच केलाय. 'ऑटिझम'च्या मूळ ग्रीक शब्दातला 'स्व' घेऊन आपण 'स्वमग्न' केलं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मूल आत बुडालंय, बाहेर बघायला तयार नाही. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला भिंतीला चिकटणारं, ट्यूबलाइटची थरथर सहन न होणारं मूल जगापासून दूर कसं म्हणायचं? जग त्याच्यावर अंगावर येण्याइतकं कोसळतंय. शब्द रुळलाय, मीही तोच वापरते, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. असे निष्कर्ष पूर्वीही निघाले आहेत. १९४३ साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा ११ स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, आणि त्यानंतरची दोन दशकं आणि अधिक काळ आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हे विद्वानांनी ठासून सांगितलं. किती आया त्या आरोपाखाली जगल्या! ते मत कधीच मोडीत निघालं. तरी मागच्या वर्षी एका आजीनं माझ्यासमोर सुनेला विचारलं, "तू नोकरीला जायचीस ना गं तेव्हा?" व्यासपीठावरची वाक्यं घराघरात किती वर्षं टिकतात, ते बोलणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

कायद्याबद्दल एवढंच. १९९५ च्या कायद्यातल्या सात अपंगत्वांच्या यादीत स्वमग्नता नव्हती. प्रमाणपत्रासाठी आईवडील मुलावर तेव्हाचा 'मतिमंद' हा शिक्का मारून घेत. २०१६ च्या कायद्यानं यादी एकवीसवर नेली, स्वमग्नतेचं नाव घातलं, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. 'बोलत असल्यास' अशी अट त्यात नाही.

मग करायचं काय? थेरपी हवीच, पण शाळेच्या जागी नको. शाळेत मुलाला दिवसाचं वेळापत्रक चित्रांत दिसायला हवं. घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याला सांगायला हवं. सूचना तोंडी देऊन फळ्यावरही लिहायला हवी. उत्तर बोट ठेवून, पट्ट्या लावून, टंकून, कसंही चालायला हवं. पवईच्या आयआयटीत तयार झालेलं, चित्रावर बोट ठेवलं की बोलणारं 'जेलो' हे अ‍ॅप मराठीतही आहे. आणि तालुक्यातल्या शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षकाला एका शाळेत सलग बसता यायला हवं. त्याशिवाय बाकीचं सगळं वर्गशिक्षिकेच्या एकटीच्या अंगावर पडतं, आणि तिची चिडचिड मला समजते.

त्या प्रशिक्षणानंतर जिन्यात एका तरुण शिक्षिकेनं मला गाठलं. "ताई, माझ्या पहिलीत एक आहे. बोलत नाही. दिवसभर पंख्याकडे बघत बसतो. सोमवारी काय करू?"

मी म्हटलं, "पंख्याचा फोटो काढा, खाली मोठ्या अक्षरांत 'पंखा' लिहा आणि त्याच्या बाकावर ठेवा. 'बंद' आणि 'सुरू' अशा दोन पट्ट्या शेजारी ठेवा. तो ज्या पट्टीला हात लावेल तसं लगेच करा."

"बटण मीच दाबू?"

"पहिल्या दिवशी तुम्ही."

तिनं कार्यक्रमपत्रिकेच्या मागे, जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून, ते दोन शब्द लिहून घेतले.