मानांकन मिळाले, तोफांचे काय?

धरमतरच्या खाडीतून आज कोळशाचे बार्ज ये-जा करतात. १६७९च्या ऑक्टोबरात इंग्रजांशी झुंज देऊन दौलतखानाचे आरमार याच खाडीत, नागोठण्याच्या बाजूस येऊन स्थिरावले. शत्रूचा पहारा चुकवून हलकी गलबते खांदेरीला रसद पोहोचवीत राहिली. बेटावर मायनाक भंडारी तट उभारीत होता. १६८०च्या प्रारंभी मुंबईकर इंग्रजांना नाद सोडावा लागला.

त्या खांदेरीला ११ जुलै २०२५ रोजी अन्य अकरा दुर्गांसह जागतिक वारशाचे मानांकन लाभले. आनंदच आहे! परंतु पॅरिसमधील ठरावाने लोखंडाचा गंज थांबत नाही. खाऱ्या हवेतील क्षार बिडाच्या तोफेत मुरतो, आतून पापुद्रे सुटतात, आणि त्यावर उत्साहाने फासलेला तैलरंग हे दुखणे झाकतो. बुरुजावर बसून छायाचित्रे काढणाऱ्या, घोषणा देत तोफेच्या तोंडात दगड कोंबणाऱ्या शिवभक्तांनाही याचे भान असू नये?

तोफ म्हणजे नुसते लोखंड नव्हे. ती कोणत्या चौथऱ्यावर, कोणत्या दिशेला तोंड करून उभी होती, यातच तिची साक्ष असते. जागेवरून हलविली की साक्ष पुसली जाते. मग तिची शोभा बंगल्याच्या फाटकापुरती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरील दोन गाडेवाल्या तोफा पाहा. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ साल आहे. आंग्र्यांचे संस्थान कंपनीने त्याआधीच घशात घातले होते. म्हणजे त्या जेत्याच्या तोफा! तरी हौशी वाटाडे त्या कान्होजींच्या म्हणून दाखवितात आणि भाविक त्यांना हार घालतात. पराक्रमी पूर्वजांचा याहून मोठा उपमर्द कोणता? ज्यांना मराठ्यांचा इतिहास खुपतो, त्यांच्या हाती असे आयते कोलीत द्यायचे कशाला?

खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, कुलाबा केंद्राकडे. दोघांनीही तोफागणिक क्रमांक, लांबी, तोंडाचा व्यास, वजन, लेख, चौथऱ्याचे मोजमाप आणि छायाचित्र असा तक्ता मराठीत सिद्ध करून थळ व अलिबागच्या धक्क्यांवर लावावा. पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी व्हावी, क्षार काढण्याचे काम जाणत्या रसायनतज्ज्ञाकडेच द्यावे. सोहळ्यांच्या मांडवखर्चापुढे हा खर्च तो काय!

आणि कुलाबा? तो तर त्या बारांच्या यादीतही नाही.