दंतआरोग्य : उपेक्षेची कीड

दातदुखी हा काही आजार म्हणून सांगावा असा प्रकार नव्हे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. दाताखाली लवंग धरावी, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, अगदीच असह्य झाले तर दात काढून टाकावा आणि कामाला लागावे, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. घरातली ही बेफिकिरी शासनव्यवहारातही उतरली आहे. माता-बालआरोग्य, क्षयरोग, हिवताप यांच्यासाठी योजना झाल्या आणि त्या आवश्यकच होत्या. पण मुखआरोग्याची पाटी मात्र बराच काळ कोरी राहिली. राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम सुरू होण्यास २०१४-१५ हे वर्ष उजाडावे लागले.

दुखणे लहान आहे म्हणावे, तर आकडे तसे सांगत नाहीत. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले. ३५ ते ४४ या वयोगटात हे प्रमाण ८० टक्क्यांवर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोक मुखविकारांनी ग्रस्त आहेत आणि त्यांतील चौघांपैकी तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. एकेकाळी श्रीमंतांचा मानला गेलेला हा रोग साखर, बिस्किटे आणि शीतपेये यांच्या वाटेने आता वाड्या-वस्त्यांवर पोहोचला आहे. रोग पोहोचला, वैद्य मात्र पोहोचला नाही.

यातील विसंगती अशी की, देशात दंतवैद्यांची वानवा नाही. १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. आज अशी तीनशेहून अधिक महाविद्यालये आहेत आणि नोंदणीकृत दंतवैद्यांची संख्या तीन लाखांच्या घरात आहे. म्हणजे कागदावर पाच हजारांहून कमी लोकसंख्येमागे एक दंतवैद्य. परंतु यांतील बहुसंख्य महाविद्यालये खासगी आहेत. भरमसाट शुल्क भरून, प्रसंगी कर्ज काढून पदवी घेतलेला तरुण शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यावरच दवाखाना थाटणार, यात नवल ते काय? एकाच गल्लीत चार पाट्या लागतात आणि तालुक्याच्या टोकाच्या गावाला एकही मिळत नाही. एकीकडे रुग्णांची वाट पाहणारे पदवीधर, दुसरीकडे वैद्याची वाट पाहणारे रुग्ण, आणि या दोघांची गाठ घालून देणारी व्यवस्थाच नाही, हे खरे दुखणे आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो. पुढच्या रुग्णालयात तो असला, तरी खुर्ची नादुरुस्त किंवा दात भरण्याचे साहित्य संपलेले, अशी तक्रार नेहमीची. मग उरतो तो एकच उपचार : दात उपटणे. खासगी दवाखान्यात एका दाताच्या मुळाच्या उपचारासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. शेतमजुराने ते कोठून आणावेत? प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कवच मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातले नेहमीचे दंतोपचार त्याबाहेरच राहतात. वाचवता आला असता असा दात चाळिशीतच गमावणे हे गरिबाच्या कपाळी लिहिले जाते.

‘बाळंतिणीला वेळेवर रुग्णवाहिका मिळत नाही, तेथे दातांचे काय घेऊन बसलात?’ असा प्रश्न केला जातो. प्रश्न रास्त वाटतो. पण तोंड शरीराहून वेगळे काढता येत नाही. हिरड्यांचा विकार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात. दात दुखणारे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही आणि शाळेत त्याचे लक्ष लागत नाही. आणि सर्वांत भीषण वस्तुस्थिती मुखकर्करोगाची. जगातील मुखकर्करोगाच्या दर तीन नव्या रुग्णांपैकी साधारण एक भारतीय असतो. तंबाखू आणि सुपारी ही त्याची प्रमुख कारणे. दातांच्या पेस्ट व पावडरींत तंबाखू वापरण्यावर १९९२ मध्ये बंदी आली, महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तरीही ग्रामीण महाराष्ट्रात असंख्य माता-भगिनी भाजलेल्या तंबाखूची मिश्री दात घासण्याचे साधन म्हणून लावतात आणि व्यसनात अडकतात. तोंडातला पांढरा चट्टा वा न भरणारी जखम दोन मिनिटांच्या तपासणीत दिसते. ती तपासणी न झाल्यामुळे रुग्ण येतो तो रोग हाताबाहेर गेल्यावर. येथे प्रश्न दाताचा नाही, प्राणाचा आहे.

इतरांनी मार्ग काढले आहेत. न्यूझीलंडने १९२१ पासून शालेय दंतपरिचारिका घडवल्या. ब्राझीलने २००४ मध्ये दंतोपचार सार्वजनिक आरोग्यसेवेत मोठ्या प्रमाणावर आणले. टांझानियासारख्या गरीब देशात १९८० च्या दशकात विजेविना, केवळ हातातील अवजारांनी कीड काढून दात भरण्याची पद्धत विकसित झाली. त्यासाठी लागणारे सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. म्हणजे अडचण केवळ पैशाची नाही, प्राधान्याची आहे.

आपल्या परंपरेलाही हा विषय परका नाही. सुश्रुतसंहितेने पासष्ट मुखरोगांची गणना केली; आयुर्वेदाने दंतधावनाला दिनचर्येत स्थान दिले. रोग होऊ न देणे हे त्यामागील सूत्र. मात्र परंपरेचा अभिमान बाळगताना आजचे विज्ञान नाकारण्याचे कारण नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील फ्लोराइड अतिरिक्त असल्याने दातांवर डाग पडतात. तेथे गरज शुद्ध पाण्याची आहे, तर अन्यत्र फ्लोराइडयुक्त पेस्टची. सप्टेंबर २०२५ मध्ये दातांच्या पेस्टवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, हे योग्यच झाले.

आता पुढचे पाऊल हवे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात चालू स्थितीतील खुर्ची, पुरेसे साहित्य आणि भरलेले पद असावे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत मुखआरोग्याचा समावेश आहे. तो फलकावरून प्रत्यक्षात यावा. अंगणवाडीत आणि शाळेत दुपारच्या भोजनानंतर मुलांनी शिक्षकांसमोर चूळ भरावी, दात घासावेत. दंतमहाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील गावे दत्तक घ्यावीत. सेवाभावी संस्थांनी वर्षातून एका शिबिरावर समाधान न मानता त्याच गावात पुन्हापुन्हा जावे. शिबिरात काढलेला दात मोजता येतो, पण वाचवलेला दात सातत्यातूनच मिळतो.

२०२३ मध्ये संसदेने १९४८ च्या दंतवैद्य कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला. त्याचे यश किती महाविद्यालये उघडली यावर मोजू नये. तालुक्याच्या शेवटच्या गावातील मजूर स्त्रीचा दुखरा दात उपटला जातो की वाचवला जातो, यावर ते मोजावे. अंत्योदयाची कसोटी याहून वेगळी काय असते?