शेवटच्या क्षणाचा न्याय

आत्महत्या केलेल्या माणसाच्या घरच्यांवर ख्रिस्तसभेने शतकानुशतके दुहेरी घाव घातला. माणूस तर गेलाच, वर त्याच्यासाठी प्रार्थनाही नाही. सहाव्या शतकात, आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागा इथल्या धर्मपरिषदेने अशा मृतांचे विधी नाकारले. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेतही जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नव्हता. बुद्धी ठिकाणावर नसेल तर सवलत होती. म्हणजे आईने आपला मुलगा वेडा होता असे सांगावे, तेव्हा कुठे त्याला पवित्र जमिनीत जागा मिळायची. १९८३ च्या नव्या संहितेने ही बंदी वगळली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आत्महत्या हे गंभीर पाप आहेच, पण तीव्र मानसिक त्रास, भीती, यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे.

यावर हमखास आक्षेप येतो: अशाने धाक उरणार नाही. पण जिथे धाक होता तिथेही लोक जीव देतच होते. शिक्षा भोगत होते ते मागे राहिलेले. शिवाय जिथे आत्महत्या म्हणजे घराण्याला बट्टा, तिथे निराश माणूस आपल्या मनातले कुणाला सांगणार? दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: काळ बदलला म्हणून देवाचा कायदा बदलतो का? कायदा बदललेला नाही. चर्चने सोडून दिला तो दुसऱ्याच्या अखेरच्या क्षणाचा निवाडा करण्याचा हट्ट, आणि तो हक्क चर्चचा कधी नव्हताच.

फ्रान्समधल्या वेझले गावच्या चर्चमध्ये बाराव्या शतकातले एक शिल्प आहे. एका बाजूला येशूला दगा देऊन नंतर गळफास घेतलेला त्याचा शिष्य यहूदा, दुसऱ्या बाजूला त्याचा देह खांद्यावर घेऊन निघालेला माणूस. पोप फ्रान्सिस त्याला उत्तम मेंढपाळ, म्हणजे येशूच मानत. शिल्पकाराच्या मनात काय होते हे ठामपणे सांगता येत नाही, पण हे वाचन शुभवर्तमानाशी सुसंगत आहे: शंभरांतले हरवलेले एक मेंढरू शोधून खांद्यावर आणणारा मेंढपाळ, ते का हरवले याची आधी चौकशी करत नाही. मग संहिता बदलून चार दशके उलटल्यावरही काही धर्मगुरू अशा अंत्यविधीत मृत्यूचे कारण टाळून घाईने प्रार्थना का उरकतात? समोर बसलेल्या आईला नेमके हेच ऐकायचे असते की तिच्या मुलासाठीही स्वर्गाचे दार बंद नाही, आणि ते वेदीवरून, सर्वांदेखत, त्याचे नाव घेऊन सांगायला हवे.